अमेरिकेतून जुना ट्रॅव्हल ट्रेलर आणला तर खरंच पैसे वाचतात का? (ओंटारिओ, कॅनडा)

तंबूवाला (ब्रॅम्प्टन):
नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली आम्ही तंबू घेऊन फिरतोय, किलबेअर, सँडबँक्स, अल्गॉनक्विन, इकडची सगळी पार्कं झाली, पण यंदा जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना जमिनीवर झोपवणं शक्यच नाही आणि रात्री अंधारात टॉयलेटपर्यंत चालवणं तर नाहीच नाही. म्हणून जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचं चाललंय, 22-23 फुटी, पलंग आणि टॉयलेट आत असलेला.
आता प्रश्न असा की एकच मॉडेल, दोन्ही 2019 चे, मिशिगनमध्ये लान्सिंगजवळ 17,500 अमेरिकन डॉलर आणि इकडे ओंटारिओतल्या लंडनच्या बाजूला 26,900 कॅनेडियन. ऑफिसमधला एकजण म्हणतो त्याने 2011 मध्ये असाच तिकडून आणला आणि सात-आठ हजार वाचवले. कोणी अलीकडे आणलाय का? कागदपत्रं किती, बॉर्डरवर काय काय भरावं लागतं? आणि पार्ट्सचं काय, तिकडे सगळं अर्ध्या किमतीत दिसतं.

हायवे401:
तुमच्या ऑफिसमधल्या माणसाचं खरं आहे, पण तो काळ वेगळा. 2007 च्या शेवटी आपला कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या वर गेला होता आणि 2011 मध्येही बरेच महिने वरच होता, म्हणून तेव्हा सगळे तिकडे धावत होते. जानेवारी 2016 मध्ये तोच डॉलर 70 सेंटच्या खाली आला. तेव्हाचे किस्से आज ऐकून निर्णय घेऊ नका, वहीत हिशोब मांडा.
एका अमेरिकन डॉलरला 1.40 कॅनेडियन असा रेट धरू. 17,500 चे झाले 24,500, पण बँक तुम्हाला तो रेट देत नाही, अडीच टक्के तरी खाते, म्हणजे 25,100. त्यावर 13 टक्के एचएसटी (ओंटारिओचा विक्री कर), साधारण 3,200, ती कुठेही सुटत नाही. आरआयव्हीची, म्हणजे बाहेरून आणलेल्या गाड्यांची नोंद करणाऱ्या संस्थेची, फी टॅक्ससकट साडेतीनशेच्या वर. जाण्यायेण्याचं पेट्रोल, एक रात्र मोटेल, टेम्पररी परमिट, त्या दिवसापासूनचा विमा, सगळं मिळून सहाशे धरा. 29,200 च्या पुढे गेलात. इकडचा 26,900 अधिक एचएसटी म्हणजे 30,400. फरक राहिला हजार-अकराशे, आणि इकडच्या डीलरशी नीट घासाघीस केली तर तेवढे तो तिथेच कमी करतो. शिवाय मिशिगनचा डीलर तिकडचा 6 टक्के सेल्स टॅक्स लावणार की नाही ते आधी लेखी घ्या, नाहीतर दोन्हीकडे भराल.
कस्टम ड्युटीचं म्हणाल तर गाडी कुठून घेतली याला महत्त्व नाही, कुठे बनली याला आहे. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) 1, 4 किंवा 5 ने सुरू होत असेल तर अमेरिकेत बनलेली. इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास इतके कारखाने आहेत की आपण इकडे ज्या आरव्ही (ट्रेलर, मोटरहोम वगैरे) बघतो त्यातल्या बहुतेक तिथूनच आलेल्या असतात, अगदी ओंटारिओच्या डीलरच्या आवारात उभ्या असलेल्यासुद्धा. पण 2025 पासून टॅरिफच्या याद्या सारख्या बदलतायत, त्यामुळे पैसे देण्याआधी सीबीएसएला (कॅनडाच्या कस्टमला) फोन करून व्हीआयएन सांगा आणि त्या दिवशीचा नियम विचारा.

कॅल्गरीचा_कोल्हापूरकर:
वरचा हिशोब ओंटारिओसाठी बरोबर आहे, आमच्याकडे अल्बर्टात प्रांताचा सेल्स टॅक्स नाही, फक्त 5 टक्के जीएसटी, आणि शेजारच्या मोंटानात सेल्स टॅक्सच नाही, म्हणून इकडच्या लोकांना अजून जमतं. मी दोन वर्षांपूर्वी मोटरहोम आणली, फोर्डच्या ई-450 चासीवरची. पैसे वाचले, पण दमछाक झाली ती कागदांनी.
मोटरहोम स्वतःच्या इंजिनावर चालते म्हणून वापरलेल्या गाडीसारखे तिचे नियम, म्हणजे ओरिजिनल टायटल (मालकीचा कागद) अमेरिकन कस्टमकडे एक्स्पोर्टच्या 72 तास आधी पोचलं पाहिजे. माझ्या डीलरने टायटल उशिरा पाठवलं आणि मी, बायको, दोन पोरं बॉर्डरवरच्या स्वीटग्रासला अडकलो, तीन दिवस मोटेल. दुसरं म्हणजे रिकॉल क्लिअरन्सचं, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेलं काही बाकी नाही असं पत्र, ते मला दोन मिळवावी लागली, एक चासीवाल्याचं आणि एक वरची बॉडी बांधणाऱ्याचं, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.
तुमचा ट्रेलर ओढायचा असल्याने 72 तासांचं लफडं नाही. पण ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत तो बनवणारा आहे का ते आधी बघा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागात कंपनीचं लेबल असतं, त्यावर वजन, व्हीआयएन आणि अमेरिकन सेफ्टी स्टँडर्ड पाळल्याचं वाक्य असतं, त्याचा फोटो मागवा. ते लेबल कुणी खरवडलं असेल किंवा रंगवलं असेल तर गाडी तिथेच सोडून द्या. आणल्यावर 45 दिवसांत आरआयव्हीचं इन्स्पेक्शन. 15 वर्षांपेक्षा जुना असेल तर हे सगळं लागत नाही, पण तितका जुना आई-बाबांसाठी घेऊ नका.

नवीन_मेंबर_77:
एवढं कशाला करता, डेट्रॉइटमध्ये कोणी मित्र असेल तर त्याच्या नावावर घ्या, मिशिगनची प्लेट राहू दे, उन्हाळाभर इकडे वापरा. एचएसटी नाही, आरआयव्ही नाही.

नोव्हीकर (मिशिगन):
77, कृपा करून असं कुणाला सांगू नका. कॅनडात राहणाऱ्या माणसाने अमेरिकन प्लेटचा ट्रेलर रीतसर इम्पोर्ट न करता तिकडे वापरायला नेला तर तो जप्त होऊ शकतो, आणि ज्या मित्राच्या नावावर आहे त्याच्या विम्याचं आणि मैत्रीचं दोन्हीचं वाटोळं. उद्या कॅम्पग्राउंडच्या वळणावर कुणाला धक्का लागला तर विमा कंपनीला काय सांगणार?
तंबूवाला, मी गेली 14 वर्षं मिशिगनमध्ये आहे आणि इथेच दोन ट्रेलर घेतलेत म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, इथे जाहिरातीतला आकडा हा शेवटचा आकडा नसतो, त्यावर डॉक फी (कागदपत्रांची), प्रेप फी (गाडी तयार करून देण्याची) असं हजार-दीड हजार चढतं, म्हणून "सगळं धरून हातात किती" हेच विचारायचं. दोन, 2021 मध्ये अमेरिकेत कारखान्यांतून 6 लाखांच्या वर आरव्ही बाहेर पडल्या, तो विक्रम होता, आणि 2023 मध्ये तोच आकडा 3 लाख 13 हजारांवर आला. कोविडमध्ये घाईघाईत बांधलेले आणि हौसेने घेतलेले ते ट्रेलर आता विकायला येतायत, म्हणून स्वस्त दिसतात. तुम्ही 2019 चा बघताय ते बरं करताय.
बघायला गेलात तर पाऊस पडून गेल्यावर जा. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत आतून, पलंगाच्या डोक्याच्या बाजूला खाली, अंगठ्याने भिंत दाबा. चांगली भिंत टणक लागते, पाणी मुरलेली भिंत शिळ्या ब्रेडसारखी आत जाते आणि अंगठा काढला तरी खळगा राहतो. बाहेरून फायबरग्लासवर तिरका उजेड पाडा, फुगवटा दिसला तर प्लाय सुटलंय. टायरवर डीओटीचे शेवटचे चार आकडे वाचा, 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा, नक्षी कितीही नवी दिसली तरी असे टायर बदलायचेच. लान्सिंग मला सव्वा तासावर आहे, सांगितलंत तर शनिवारी जाऊन फोटो काढून पाठवतो, यात उपकार वगैरे काही नाही.

सार्नियाची_वहिनी:
ट्रेलरचं वरच्यांनी सांगितलं, मी पार्ट्सचं सांगते कारण अमेरिकेत जाणारा पूल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि हे मी दर उन्हाळ्यात करते.
गेल्या मे महिन्यात आमचा पाण्याचा पंप गेला. सिंकखाली नुसती धडधड, नळाला मात्र चहाच्या कपाएवढं पाणी यायला मिनिट लागत होतं. इकडच्या दुकानात तोच पंप 189 अधिक टॅक्स, म्हणजे 213. तिकडे ऑनलाइन 79 अमेरिकन. पुलापलीकडच्या पोर्ट ह्यूरॉनच्या पार्सल ठेवणाऱ्या दुकानाच्या पत्त्यावर मागवला, त्यांचे थोडे पैसे, पुलावर पावती दाखवून एचएसटी भरला, सगळं मिळून 135 च्या आत. घरी आणून दोन स्क्रू आणि दोन पाइप, संपलं काम.
पण त्याच्या आदल्या वर्षी छताच्या व्हेंटचं 22 डॉलरचं झाकण थेट घरी मागवलं होतं, तर कुरियरवाल्याने दारात ब्रोकरेज (कस्टमचे कागद करण्याची फी) धरून 41 डॉलरचं बिल हातात ठेवलं. तेव्हापासून छोटी वस्तू घरी मागवणं बंद.
तिकडून आणलेल्या सामानावरची कस्टमची सूट नीट समजून घ्या. सकाळी जाऊन दुपारी आलात तर सूट शून्य. 24 तास राहिलात तर माणशी 200, 48 तास राहिलात तर 800 कॅनेडियन. आणि 24 तासांवाल्याचं 200 च्या वर गेलं तर पूर्ण रकमेवर भरावं लागतं, नुसत्या वरच्यावर नाही, इथे खूपजण चुकतात. चीनमध्ये बनलेल्या वस्तूवर अमेरिकेत घेतली म्हणून ड्युटी माफ होत नाही. पावती कधी लपवू नका, मी दरवेळी खिडकीपाशीच हातात धरून ठेवते, मला एकदाही त्रास झालेला नाही.
फ्रिज, एसी, फर्नेस मात्र इकडेच घ्या. बिघडला तर वॉरंटीसाठी 50 किलोचा फ्रिज परत पुलावरून नेणार का? पंप, नळ, सील, ऑनिंगचं कापड, टायर, यांच्यासाठी जाणं परवडतं.

तंबूवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोबरोबर बसून 401 भाऊंच्या पद्धतीने आकडे मांडले, आमच्या बँकेचा रेट 1.43 निघाला, म्हणजे त्यांनी धरला होता जवळजवळ तेवढाच, फरक तोच हजार-अकराशेचा. लंडनच्या डीलरला फोन केला, तो 25,800 वर आलाय आणि दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकून देतो म्हणतो. रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर घेऊन बघायला जातोय, दाराच्या पायऱ्यांची उंची त्यांना स्वतः बघायची आहे. नोव्हीकर, तुमच्या शनिवारची गरज पडणार नाही, पण तुम्ही विचारलंत हेच खूप आहे, आणि अंगठ्याची युक्ती लंडनमध्येच वापरतो.
वहिनी, टायर नक्कीच बदलावे लागतील, चारही 2019 चे आहेत. पोर्ट ह्यूरॉनचं ते पार्सलचं दुकान चार टायर ठेवून घेईल का, आणि शनिवारी किती वाजेपर्यंत उघडं असतं?

सार्नियाची_वहिनी:
दोनापर्यंत. टायर ठेवतात, पण प्रत्येकाचे वेगळे पैसे घेतात. येताना घरी जेवायलाच या.