कोरोनापासून आखाड्यावर उभी ऑक्टाव्हिया आरएस: चालू होते, पण दाबली की दम सोडते

परभणीची_पुतणी

नमस्कार मंडळी. काकांची २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवरवाली. पहिल्या लॉकडाउनला शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडात लावली ती तिथंच राहिली. नंतर काकांचे गुडघे गेले, क्लच दाबवेना. आता मी ती अंगावर घेतलीय. काकांना त्यांच्याच गाडीत बसवून औंढ्या नागनाथाला न्यायचंय.

बॅटरी, ऑइल, प्लग नवे टाकले. एअर फिल्टरचा डबा उघडला तर उंदरांनी आत कापूस आणि सरकी कोंबून घर केलेलं. साफ करून फिल्टरही बदलला. टाकी अर्धी होती, वरून नवीन पेट्रोल भरलं. सेल्फ मारला की लगेच चालू होते, पण आयडलिंगला काटा ६०० ते १००० असा वरखाली नाचतो आणि चालवताना तीन हजाराच्या आसपास झटके मारायलीय. टर्बोचा जोर लागतच नाही. चेक इंजिनचा दिवा पेटलाय, मोबाइलच्या स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०३०० असे कोड येतात.

इथले एक मिस्त्री म्हणतात टर्बो गेला, दुसरे म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलं. दोन्हीचे आकडे ऐकून घरचे म्हणायलेत, भंगारात घाला. मला ते ऐकवत नाही. सुरुवात कुठून करू?

उदगीरकर

ताई, आधी टाकी रिकामी करा. वरून नवीन भरल्यानं खालचं सुधारत नाही. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरून ठेवतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि पंप तर तळातूनच ओढतो. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर सावलीत ठेवा. खाली वेगळा थर दिसला की समजून जा.

शेंद्र्याचा_फिटर

ताई, भंगारात अजिबात देऊ नका. ही गाडी आपल्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातच, स्कोडाच्या कारखान्यात जोडली गेलीय आणि या इंजिनाइतकं सोशिक टर्बो इंजिन मी तरी कमी बघितलंय.

पण आजपासून रेस मारणं बंद. टायमिंग बेल्ट कधीचा आहे? गाडी पळाली नाही म्हणून बेल्ट नवा राहत नाही, रबर वयानंही मरतं. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हना धडकतात. वीस व्हॉल्व्ह आहेत, वाकले की हेडच उतरवावं लागतं, आणि तो खर्च खरोखर गाडी भंगारात घालायला लावतो. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता कोड. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. एक तर हवा जास्त होतेय, नाही तर पेट्रोल कमी पडतंय. पी०३०० म्हणजे मिसफायर, तो बहुतेक पहिल्याच्या मागून आलाय, कारण पातळ मिश्रण नीट पेटत नाही. यात टर्बो किंवा ईसीएम गेल्याचं कुठंच लिहिलेलं नाही.

हवा का पेट्रोल, हे एकही पार्ट न बदलता कळतं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला दोन्हीची बेरीज लिहून घ्या, मग उभ्या गाडीत अडीच हजारावर धरून पुन्हा घ्या. आयडलिंगला आकडा मोठा आणि रेसवर उतरत असेल, तर कुठल्या तरी भोकातून चोरटी हवा येतेय. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास मिटलेला असतो, इंजिनात जाणारी हवाच थोडी, त्यात ही चोरटी हवा ठळक दिसते. रेसवर ती किरकोळ होऊन जाते. याउलट आयडलिंगला बरं आणि लोडवर, म्हणजे जोर देऊन चालवताना, आकडा चढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही: पंप, फिल्टर नाही तर इंजेक्टर. किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. तुमच्या डब्यात कापूस होता, सेन्सर त्या डब्याला लागूनच आहे, त्याच्या आतल्या नाजूक भागावर तंतू बसले असतील तर नवल नाही. फक्त एमएएफ (हाच एअर फ्लो सेन्सर) क्लीनरचा फवारा मारा, त्या भागाला बोट किंवा कापड लावू देऊ नका.

हवेचं भोक शोधायला टर्बोच्या इनलेटला टोपण बसवून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह घाला, इंजिन बंद ठेवून पायपंपानं पाच-सहा पीएसआय हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा. सगळ्यात आधी इनटेकखालच्या क्रँककेस ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्या बघा, ऑइल आणि उष्णतेनं त्या बिस्किटासारख्या भुगा होतात. पेट्रोलसाठी इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलला दाबाचं गेज लावा. दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ठेवल्यावर ३ बार दिसायला पाहिजे, आणि लोडवर तो पडायला नको.

परभणीची_पुतणी

दादा, बेल्ट आधी बदलला. जुन्याच्या दातांच्या बुडाशी बारीक भेगा होत्या.

ट्रिम आयडलिंगला २२ टक्के, अडीच हजारावर ६. म्हणजे हवाच. मिस्त्रींनी इनटेकखाली हात घालून ब्रीदरची नळी चाचपली, तर खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढं भोक आणि कडेला उंदराच्या दातांच्या खुणा. नळी बदलली, काटा ८०० च्या जरा वर गप्प उभा राहिला, ट्रिम ४ वर आलं.

पण लोडवर झटके तसेच. मग गेज लांब नळी लावून काचेवर बाहेरून टेपनं चिकटवलं आणि आखाड्याच्या आमच्याच रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबली. तीन हजाराला काटा ३ वरून २ च्या खाली आला. मागची सीट उचलून पंप काढला, त्याच्या जाळीवर तपकिरी चिकट थर बसलेला, जाळीची भोकं दिसेनात. उदगीरकर दादांच्या बाटलीतही तळाशी गढूळ थर निघाला. म्हणजे दुखणी दोन होती, हवा जास्त आणि पेट्रोलही कमी.

टाकी उतरवून धुतली, पंप आणि फिल्टर नवे. आता गाडी ओढायलीय. काका शेजारी बसले होते, मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय आपोआप पुढं जात होता. फक्त अगदी वरच्या आरपीएमला थोडी कमी वाटते, का ते सांगा.

शेंद्र्याचा_फिटर

झकास काम केलंत. वरच्या आरपीएमला एअर फ्लोचं रीडिंग घ्या. ठोकताळा असा की हॉर्सपॉवरला ०.८ नं गुणायचं, म्हणजे तुमच्या गाडीला पूर्ण दाबल्यावर सेकंदाला १२० ग्रॅमच्या आसपास हवा दिसावी. फारच कमी दिसली तर सेन्सर साफ करून परत बघा. तरी फरक नाही पडला तर टर्बोचा जास्तीचा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय का तपासा. टर्बोला त्यानंतरच हात लावायचा.

काकांना घेऊन निघण्याआधी टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या गाडीचं टायर वरून गुळगुळीत नसतं, पण आतून कडक झालेलं असतं. ब्रेक ऑइलही पाणी धरतं, ते पूर्ण बदला. आणि २००५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी २०२० लाच संपली. आरटीओला गाडी दाखवून पाच वर्षांसाठी पुढं वाढवून मिळते. ते आणि विमा होईपर्यंत आखाड्याच्या बाहेर काढू नका. टाकीतून काढलेली जाळी जपून ठेवली असेल तर तिचा फोटो इथं टाका.