अंगणातला कोबा खचलाय, उचलून घ्यावा की फोडावा?

सांगलीवाडीत आमचं बैठं घर आहे. 2019 च्या महापुरानंतर अंगणातला चार इंची काँक्रीटचा कोबा घराकडे कलत गेला. आता पावसाचं पाणी थेट जोत्याला टेकतं. आई तिथून चालते, तिची काळजी वाटते. एक कंत्राटदार म्हणतो, भोकं पाडून खालून सिमेंटचं ग्राउट (पातळ मिश्रण) दाबून कोबा वर उचलतो, तोडफोड नको. दुसरा सगळं फोडायला सांगतो. कुणाचं ऐकावं?

उत्तर १
ताई, आधी हातोड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. कोबा अखंड असेल तर ग्राउट चालतं, तुकडे झाले असतील तर पैसे वाया. पण पोकळी कशाने झाली? सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर तो आधी बदला, नाहीतर माती पुन्हा वाहून जाईल. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या ग्राउटने तिचा स्वभाव बदलत नाही.

उत्तर २
फोडायचं ठरलं तर काळी माती काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस (ठोकून दाबायचं जड अवजार). इथेच कंत्राटदार घाई करतात, म्हणून स्वतः उभ्या राहा. उतार घरापासून बाहेर, फुटाला पाव इंच. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तुमच्यासमोर मोजून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, हे आधीच कागदावर लिहून घ्या.

ताई
ठोकलं. नळाच्या बाजूला बद्द वाजतंय. उद्या प्लंबरला बोलावते.