शब्दचर्चा: 'टाय'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: टेबल टेनिसमधल्या महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या, जुन्या कॉर्बिलॉन चषकावर लिहितोय. इंग्रजी नोंदींत दोन देशांच्या झुंजीला 'टाय' म्हणतात. 'सामना' लिहिलं, तर आतल्या एकेरीला काय म्हणू?

— 'लढत' लिहा. 'टाय' तसंच ठेवलंत तर निम्मे वाचक 'बरोबरी' समजतील. देश विरुद्ध देश ती लढत, तिच्यातली प्रत्येक एकेरी-दुहेरी म्हणजे सामना आणि तेव्हाचा २१ गुणांचा तो गेम. गेमला 'सेट' म्हणायची सवय टेनिसवरून आली आहे. बोलताना चालते, तक्त्यात नको.

— तेव्हाचा क्रमही लक्षात घ्या (अ, ब एका देशाच्या खेळाडू; क्ष, य दुसऱ्या देशाच्या): अ-क्ष, ब-य, मग दुहेरी, मग अ-य आणि ब-क्ष. ३ सामने जिंकले की लढत संपली. म्हणजे ३-० लिहिलेलं दिसलं, तर दुहेरीही त्याच संघाने जिंकलेली असते आणि शेवटच्या दोन एकेरी झालेल्याच नसतात. त्या दोन एकेरींना 'परतीची एकेरी' म्हणता येईल. 'उलट एकेरी' कानाला खटकतं.

— आकडा कशाचा हे कळत नसेल तर एक ताळा: सामना ३ गेमचा, म्हणून २-० किंवा २-१. ३-१ दिसलं की ती लढतच. पुरुषांच्या स्वेथलिंग चषकाला हा ताळा लावू नका. तिथे तेव्हा प्रत्येकी ३ खेळाडू, ९ एकेरी असत, दुहेरी नसे, म्हणून ५-४ सुद्धा यायचं.

— वर्ष जपून लिहा. कॉर्बिलॉन चषकाची पहिली स्पर्धा पॅरिसला झाली, जर्मनीने जिंकली. नोंदीत ती १९३४ ची, पण खेळली गेली डिसेंबर १९३३ मध्ये. 'जागतिक स्पर्धा १९३४ (डिसेंबर १९३३)' असं लिहिलंत की दुरुस्तीची पत्रं येणार नाहीत.

प्रश्न: आणि नाव? कॉर्बिलॉन की कोर्बियाँ?

— मार्सेल कोर्बियाँ हा चषक देणारा फ्रेंच माणूस, त्याचा उच्चार जवळपास तसाच. चषकाला मात्र 'कॉर्बिलॉन'च राहू द्या, रुळलंय. १९५२ मध्ये मुंबईत जपानच्या नाराहारा आणि निशिमुरा यांनी जिंकला तो हाच. फक्त 'मूळ चषक' म्हणू नका: १९३९ मध्ये कैरोत जर्मनीने जिंकलेला चषक दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये गहाळ झाला, नंतरचा चषक ही त्याची प्रतिकृती.