पेस्ट सोडून दातांना साबण: शहाणपणा की खूळ?

चोपडेकर: आमच्या घरातली पेस्ट बंद झाली. बेसिनवर आता घरी केलेली साबणाची वडी असते: खोबरेल, काष्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा), पाणी आणि लवंग तेलाचे दोन थेंब. ओला ब्रश वडीवर फिरवायचा आणि घासायचं. नाकं मुरडण्याआधी एक सांगतो, जुन्या पेस्टमध्येही साबणच असायचा. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नंतर आलं, आणि त्यानं काहींना तोंड येतं. शेतात गेलो की निंबाची नाहीतर बाभळीची काडी आहेच. फेस आणि गोडवा यांचे पैसे कंपनीला का द्यायचे? आमच्या आजोबांनी पेस्ट बघितलीही नव्हती, तरी शेवटपर्यंत ऊस सोलून खात.

दाढदुखी_धुळे: आजोबा कळण्याची भाकर आणि ठेचा खात होते, भाऊ. तुमचा नातू चहात क्रीमची बिस्किटं बुडवतो. पेस्ट बाजूला ठेवा, आधी ही तुलना तरी सरळ करा.

काष्टिकवाला: काष्टिक म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून मध्येच बोलतो. 100 ग्रॅम खोबरेलला साधारण 18 ग्रॅम काष्टिक लागतं. माप बरोबर असेल आणि वडी चार-सहा आठवडे सुकू दिली, तर मोकळं काष्टिक उरत नाही. पण अंदाजपंचे केलेली वडी तोंडात घालू नका, हिरड्या भाजतील. चव मात्र कपडे धुतल्यासारखी लागते, त्याला इलाज नाही.

दवाखान्यातली_ताई: मी दातांच्या दवाखान्यात काम करते. साबणानं दात झिजत नाहीत. दाताचं कवच विरघळतं ते आम्लानं, पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा, साडेपाचच्या खाली गेला की. साबण तर उलट अल्कधर्मी. म्हणजे चोपडेकर घाण काढतात, इथवर बरोबर. पण कीड थांबवायला जे लागतं ते फ्लोराइड, आणि ते ना वडीत आहे, ना काडीत. आपल्याकडे पेस्टमध्ये ते 1000 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, चालतं. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, ब्रशभर नको.

माझा खरा राग राखुंडी आणि कोळशावर आहे. जोर लावून आडवं घासणारे येतात, तेव्हा हिरडीजवळ दाताला खाच पडलेली असते, नख अडकेल अशी. गार पाणी लागलं की माणूस कळवळतो. आणि गेलेलं कवच पुन्हा येत नाही, वरतून सिमेंट भरावं लागतं.

शहादेकरीण: आणि मशेरी? तीही नैसर्गिकच की! तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. बोट काळं, दात काळे, आणि सकाळी घेतली नाही तर डोकं धरतं. आमच्या गल्लीत बायका तिला ‘दात घासणं’ म्हणतात. 1992 साली दातांच्या पेस्ट-पावडरीत तंबाखू घालायला सरकारनं बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण अडवणार? नैसर्गिक म्हणजे चांगलं, असं म्हणणाऱ्यांनी आधी हिचं उत्तर द्यावं.

चोपडेकर: ताई, मशेरी माझ्या गळ्यात बांधू नका, मी साबणाचं बोलतोय. आणि फ्लोराइडच हवं तर बोअरच्या पाण्यात असतंच.

दवाखान्यातली_ताई: असतं, पण किती? लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पोरांच्या दातांवर डाग पडतात. फारच कमी असेल तर फायदा नाही. पाणी तपासून घ्या, मग फ्लोराइडचं बोला.

अहिराणी_गडी: तुम्ही काबरं भांडी ऱ्हायनात? काडीनी दात घासा, राती पेस्ट लावा.

चोपडेकर: रात्रीची पेस्ट नातवाला देईन. माझी वडी मी सोडत नाही.