गुऱ्हाळावरची शॉर्टफिल्म : सव्वा लाख कॅमेऱ्यात घालू का?

आडसाली

नमस्कार. गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेकाठी. उद्यमनगरात सीएनसी मशीनवर कामाला आहे. तीन वर्षं ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकत आलो, आज सव्वा लाख झालेत. त्यातून वीस मिनिटांची फिल्म करायची आहे.

गोष्ट सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. गुऱ्हाळावरची एक रात्र, हंगामातलं शेवटचं आधण, म्हणजे रसाची शेवटची काहील. बाप गुळव्या आहे, म्हणजे गूळ करणारा, पोरगा पुण्याहून आलाय. काहील भंगारात द्यायचं पोरानं ठरवलंय, इसारही घेतलाय, पण बापाला सांगायला त्याची जीभ रेटत नाही. गूळ वाफ्यात ओतेपर्यंत त्याला बोलायचं आहे. एवढंच. बापाचं काम माझे वडीलच करणार. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चाळीस वर्षं ते हेच करत आलेत.

एक मित्र म्हणतो, फुल फ्रेम मिररलेस घे, लेन्ससकट सव्वा लाखात बसतो. दुसरा म्हणतो, मोबाइलवर कर, गोष्ट महत्त्वाची. दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. मोबाइल तीन वर्षं जुना आहे. सगळं रात्रीचं शूट आहे, जाळाचा उजेड आणि वाफ. एकदा पैसे घातले की परत उभे करायला आणखी तीन वर्षं जातील, म्हणून विचारतोय.

लग्नसराई

मी अकरा वर्षं लग्नं शूट करतोय, राजारामपुरीत स्टुडिओ आहे. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा. अंधारात तो आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, वाढवतो आणि सगळ्या काळ्या भागात किडे वळवळायला लागतात. त्यात एकाच फ्रेममध्ये चुलाण्याचा जाळ आणि मागं मिट्ट काळोख. मोबाइल जाळ पांढराफटक करेल नाहीतर माणसाचा चेहरा घालवेल. 10 बिट लॉग, म्हणजे उजेड-अंधाराचे जास्त बारकावे धरून ठेवणारं रेकॉर्डिंग, मिळणारा कॅमेरा असेल तर दोन्ही टोकं थोडीफार सांभाळता येतात. माझं मत, घे. फिल्म झाल्यावर दोन सीझन लग्नं केलीस की पैसे फिटतात, मी तसेच फेडले.

बूमवाली

आडसाली भावा, तुझी गोष्ट दोनदा वाचली. इसाराचे पैसे खिशात घेऊन पोरगा बापाशेजारी चिपाडं पुढं सारतोय, हे मला आत्ताच दिसतंय. कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी एक सांग, पोरगा बोलतो तेव्हा घाणा चालू आहे की बंद?

मी पंधरा वर्षं साउंड करते. मालिका, माहितीपट, काही चित्रनगरीत, बरंचसं बाहेरगावी. घाण्याचं इंजिन सुरू असलं की खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसंही ओरडून बोलतात. तुझ्या पोराला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. आणि बघ, उत्तर तुझ्याच गोष्टीत आहे. एरवी एक काहील उकळत असताना घाणा पुढच्या आधणाचा ऊस गाळत असतो. हे शेवटचं आधण. पुढचा ऊसच नाही. म्हणजे रस काहिलीत पडला की इंजिन बंद होणार आणि ते या हंगामात पुन्हा सुरू व्हायचं नाही. चाळीस वर्षं तो आवाज कानात घेऊन जगलेल्या माणसाला ती शांतता आधी ऐकू येईल, पोराचं बोलणं नंतर. ही गोष्ट तुला कुठल्याही लेन्सनं सापडली नसती. ती तू लिहून ठेवली आहेस, फक्त ऐकली नाहीस.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण ते मला अजून बोचतं. 2013 साली मी माझी पहिली आणि शेवटची फिल्म दिग्दर्शित केली. रंकाळ्याच्या काठावर पहाटेचं दृश्य, एक मुलगी आईला फोनवर हळू आवाजात काहीतरी कबूल करते. होते ते सगळे पैसे कॅमेऱ्याच्या भाड्यात गेले, दोन चांगल्या लेन्स आणल्या, आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतला. चित्र सुंदर आलं. पाण्यावर धुकं, मागं शालिनी पॅलेस. आवाजात नुसता वारा. मग एका फ्लॅटमध्ये गाद्या उभ्या लावून डबिंग केलं. त्या मुलीनं पहाटे पाच वाजता थंडीत जो श्वास घेतला होता तो दुपारी फ्लॅटमध्ये तिला काही केल्या परत सापडला नाही. बारा वेळा केलं, शेवटी ती रडायला लागली. ती फिल्म मी कुणाला दाखवली नाही. त्यानंतर मी साउंड शिकायला गेले.

तुझे आबा अभिनेते नाहीत. ते स्टुडिओत येऊन स्वतःच्या ओठांवर ओठ मिळवून बोलतील असं स्वप्नातसुद्धा आणू नको. त्यांचं जे काही मिळेल ते त्या रात्री, त्या जागेवर मिळेल. म्हणून रेकॉर्डर, एक बूम (लांब काठीवरचा माइक) आणि दोन लेपल माइक (कपड्याला लावायचे) भाड्यानं घे. बूम धरायला जमणारं माणूस घे, नुसता हात उंच करणारा नको. आणि सगळे गप्प बसून त्या शेडचा मोकळा आवाज एक मिनिट रेकॉर्ड कर, घाणा बंद झाल्यावरचा. एडिटला दोन वाक्यांच्या मधली भोकं त्यानंच बुजतात.

लग्नसराई दादा म्हणतात ते रात्रीच्या नॉइजचं खरं आहे, ते मी खोडत नाही. पण सव्वा लाखाचा कॅमेरा विकत घेतलास तर हातात राहतं काय? एक आधण. ऊस, जळण, माणसांची हजेरी, एका रात्रीचं सगळं. काहील चढली की रस तुझ्यासाठी थांबत नाही. दोन-अडीच तासांत मळी काढून, चाचणी बघून (पाक तयार झाला का ते तपासून) गूळ उतरायचा, त्यात तुझा फोकस चुकला, आबा कॅमेऱ्यात बघून हसले, की संपलं. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात तीन रात्री, तीन आधणं घे. पहिल्या रात्री शूट करूच नको. कॅमेरा नुसता तिथं उभा असू दे, म्हणजे आबांना त्याची सवय होईल. दुसऱ्या रात्री कामाचे शॉट, हात, मळी, जाळ, वाफ. तिसऱ्या रात्री फक्त बापलेक. माझ्या मते तुझ्या फिल्मची किंमत त्या दोन जास्तीच्या काहिलींमध्ये आहे.

आणखी एक, कारण कुणीतरी ते काढणारच. मी मिरजकर तिकटीजवळ वाढले, शाळेला जाता-येता खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दिसायचा. आपल्याकडे बोलायची पद्धत अशी की कोल्हापूरनं कॅमेरा बनवला म्हणून कोल्हापुरात सिनेमा झाला. मला ते उलटं वाटतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर खोली कशी दाखवायची, उजेड कुठून पाडायचा, माणूस कमानीखाली उभा राहिला तर नजर कुठं जाते, हे त्यांना कॅमेऱ्याआधी कळत होतं. आनंदराव 1916 साली गेले, कॅमेरा अर्धवट राहिला, बाबूरावांनी तो आपले सहकारी दामले यांना बरोबर घेऊन 1918 मध्ये पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा उभा करून दिला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. दृश्याचं चित्र बाबूराव आधी कागदावर काढत. त्यांना यंत्र लागत होतं, आणि ते नव्हतं म्हणून त्यांनी केलं. पण कॅमेऱ्यातून बघायचं काय, हे ठरलेलं होतं. 1925 साली त्यांनी सावकाराच्या पाशात जमीन गमावलेल्या शेतकऱ्यावर मूकपट काढला. तुझी काहील त्याच घरातली आहे.

म्हणून माझा दुसरा प्रश्न. हे सगळं कोण बघतंय? पोराच्या डोळ्यांनी बघतोस की आबांच्या? आबा काहिलीच्या कडेला वाकून उभे, पोरगा खाली चुलाण्यात जळण घालतोय. पोरानं वर बघितलं तर बाप वाफेत अर्धा दिसतो, अर्धा नाही. आबांनी खाली बघितलं तर पोराचा चेहरा जाळानं लख्ख. एकाला दुसरा स्पष्ट दिसतो, दुसऱ्याला नाही. तू कुणाच्या बाजूला उभा राहणार ते आधी ठरव, मग कॅमेरा ठरव.

थर्मोकोल

पोरा, मी लाइटमन. एकोणिसाव्या वर्षापासून आउटडोअरला, आता साठी झाली. ताई आवाजाचं बोलल्या, मी उजेडाचं बोलतो.

वाफेवर समोरून लाइट मारलास तर पांढरी भिंत उभी राहील, माणूस गायब. लाइट नेहमी वाफेच्या मागून. काहिलीपलीकडं, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर पण फ्रेमच्या वर, साधा शंभरचा पिवळा बल्ब टांग, त्याला डिमर लाव. वाफेला कडा येते आणि आबा तिच्यातून कोरून काढल्यासारखे दिसतात. एलईडी बल्ब असतील तर काढून टाक, स्वस्तातले कॅमेऱ्यात पट्टे मारतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेव.

सेटवर आम्ही उजेड परतवायला थर्मोकोल लावतो, पण चुलाण्याजवळ थर्मोकोल न्यायचा नाही. पेट घेतो. जुनं पांढरं धोतर ओलं करून बांबूच्या चौकटीवर ताण, चेहऱ्यावर जाळाचाच उजेड मऊ होऊन परत येतो. आणि मागं पांढऱ्या पोत्यांची थप्पी असेल तर ती हलव. पांढरं दिसलं की रात्र मरते.

पोत्यांचं विसरू नको, कुणी सांगत नाही ते.

लग्नसराई

बूमवाली ताईंचं वाचून रात्री विचार केला. विकत घे हे मी मागं घेतो. माझ्या धंद्यात कॅमेरा रोज राबतो म्हणून फिटला, तुझा तीन रात्रींनंतर कपाटात जाईल. भाड्यानं घे. सोमवार-मंगळवार लग्नाची तिथी नसेल तर कुणीही कमी दरात देईल. बॉडी मधली चालेल, लेन्स मात्र उघडी, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी घे, 35 एमएम 1.8 असली तर पुष्कळ. झूम नको. आणि थंडीतून थेट वाफेत नेलीस तर लेन्सवर धुकं धरतं, अर्धा तास आधी शेडमध्ये नेऊन ठेव. फोकसला कुणी नसेल तर मी एक रात्र येतो.

आडसाली

उशीर झाला, पण नुसतं वाचून थांबलो नाही. रविवारी रात्री चुलत्यांच्या गुऱ्हाळावर मोबाइल घेऊन गेलो. शूट म्हणून नाही, बघायला म्हणून.

पहिला तास वाया गेला. जाळ भडकला की मोबाइल आपोआप चित्र काळं करायचा, बसला की उजळ. मग एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक केला, तेव्हा थोडं बरं आलं. काळोखात किडे आहेतच, लग्नसराई दादांचं खरं निघालं. पिवळा बल्ब मागं टांगला. थर्मोकोल काका, तुमचा तो एक बल्ब लावल्यावर चुलतेसुद्धा काम थांबवून बघत राहिले. पोती हलवली.

पण सांगायचं वेगळंच आहे. बूमवाली ताई, तुम्ही ऐकायला सांगितलं म्हणून मी इअरफोन लावून नुसता काहिलीच्या कडेला बसलो. आबाही आले होते. चाचणी बघायची वेळ झाली तसं चुलत्यांनी आबांनाच पुढं केलं. त्यांनी पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण् झालं. आबा म्हणाले, “उतरा.” लहानपणापासून हे मी शंभर वेळा बघितलंय आणि कायम हाताकडं बघत आलो. आबा गोळीकडं बघतच नाहीत. मान तिरकी करून ऐकतात. गूळ झाला की नाही ते त्यांना कानानं कळतं.

मग स्क्रिप्ट बदललं. पोराचं शेवटचं वाक्य काढून टाकलं. आबा गोळी मारतात, आवाज बरोबर येतो, पण ते “उतरा” म्हणत नाहीत. दुसरी गोळी वळतात, परत मारतात. तोवर पोराला कळतं की आबांना माहीत आहे. गूळ जरा जास्त लागू दे, पण काहील एवढ्यात रिकामी नको, असं त्यांच्या मनात आहे. पोरगा इसाराचे पैसे काढून कट्ट्यावर ठेवतो.

कॅमेरा पोराच्या बाजूला, खाली चुलाण्याशी. कॅमेरा आणि 35 ची लेन्स तीन रात्री भाड्यानं, तीन आधणांचं चुलत्यांशी बोललोय, ऊस आमचाच. जेवण आई करणार. तरी तीस हजार उरतात.

प्रश्न एकच राहिला. तो टण् आवाज मोबाइलवर पातळ येतोय, डब्यावर चमचा मारल्यासारखा. माइक कुठं ठेवू?

बूमवाली

बूम वरून नको, वाफ लागते आणि उकळीच जास्त येईल. काठाच्या बाहेरून, आबांच्या कोपराच्या खाली, हातभर अंतरावर, तोंड काठाकडं. लेव्हल कमी ठेव, गोळी जोरात वाजते, आवाज फुटला तर परत आणता येत नाही. वेगळी एक काहिलीच्या पत्र्याला चिकटवायची कॉन्टॅक्ट पिकअप (पत्र्याचा कंप पकडणारा माइक) माझ्याकडं आहे, पण पत्रा तापलेला असतो, ती फक्त रिकाम्या गार काहिलीवर वापरायची. पहिल्या आधणाआधी तो आवाज वेगळा घेऊ.

तीस हजारातले रेकॉर्डरचे धरू नकोस, तो माझा आहे. तिन्ही रात्री मी येते. तारखा कळव, आणि आबांना विचारून ठेव, गोळी वळताना ते काही पुटपुटतात का.