टिळकांच्या घरातली श्रद्धा

पाळकाची श्रद्धा चर्चमध्ये उजळते आणि तिची किंमत मात्र घरच्यांना मोजावी लागते, हे मत मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या बाबतीत मला निम्मेच खरे वाटते. १८९५ साली ते बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले आणि पुढची काही वर्षे त्यांना नातलगांच्या आधाराने, नवऱ्यापासून दूर काढावी लागली, हे नाकारता येणार नाही. तो घाव टिळकांनीच दिला होता. परंतु त्या परत आल्यावर टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या संसारात पत्नीचे सोवळे आणि तिचा वेगळा स्वयंपाक चालू राहिला, आणि ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनाहून मोलाची वाटते. (शीघ्रकोपी टिळकांना हा धीर सोपा गेला नसणार.) जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारांतून पटले आणि १९०० साली त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचे महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच पुढे पूर्णत्वास नेले.