मदत हवी आहे : यवतमाळ जिल्ह्यात मॉर्फिनच्या गोळ्या कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्हा तालुक्यातले. माझ्या मोठ्या बाबांना जबड्याचा कॅन्सर आहे. नागपूरला रेडिएशनचे शेक घेऊन झाले, आता फक्त दुखणं आटोक्यात ठेवायचं आहे. डॉक्टरांनी मॉर्फिन दर चार तासांनी लिहून दिलंय. आणलेल्या गोळ्या संपत आल्या. इथल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहिली अन् हात जोडले, "नार्कोटिक आहे भाऊ, आम्ही ठेवत नाही." त्याला दोष देत नाही, कायदाच कडक आहे.

मॉर्फिन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. पण २०१४ च्या दुरुस्तीनं 'अत्यावश्यक नार्कोटिक औषधं' असा वेगळा गट केला. तेव्हापासून राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या दवाखान्याला ते ठेवता येतं, पूर्वीसारखे ढीगभर परवाने लागत नाहीत. मग अशी मान्यता असलेला दवाखाना आमच्या जवळपास आहे का? यवतमाळ, अमरावती, वर्धा, कुठेही चालेल.

ट्रॅमाडॉल ही मॉर्फिनहून सौम्य दुखण्याची गोळी देऊन पाहिली, भागत नाही. रात्री उशीत तोंड खुपसून कण्हतात, मोठ्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यांना एसटीत बसवणं आता शक्य नाही. पेशंटऐवजी मी गेलो तर गोळ्या देतात का? सोबत कोणते कागद लागतात, आणि एका वेळी किती दिवसांच्या मिळतात? कुणी घरच्या माणसासाठी आणल्या असतील त्यांनी कृपा करून लवकर सांगा. चार-पाच दिवसांच्याच उरल्या आहेत.